कल्पना मुबलक, बिले मात्र बाकी

'एडीएचडी' हे उद्योजकतेला मिळालेले वरदानच आहे, असा एक सुखद समज जगभर रुजू लागला आहे. स्वतःचा व्यवसाय चालवणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तो कितपत खरा आहे, याचा शोध घेतला तर हाती येणारे चित्र बरेच वेगळे आहे. या स्त्रियांना कौतुकापेक्षा वेळेवर निदानाची आणि हिशेबाच्या वहीत मदत करणाऱ्या हातांची गरज अधिक आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेत्री आलिया भट हिने एका मुलाखतीत आपल्याला 'एडीएचडी' असल्याचे सांगितले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. अवधानन्यूनता आणि अतिचंचलता असे या अवस्थेचे वर्णन करता येईल. वर्गात स्वस्थ न बसणाऱ्या मस्तीखोर मुलाशी आजवर जोडली गेलेली ही अवस्था तिशी ओलांडलेल्या, आपल्या क्षेत्रात यशस्वी ठरलेल्या आणि २०२० मध्ये लहान मुलांच्या कपड्यांची कंपनीही उभी केलेल्या स्त्रीमध्ये असू शकते, ही गोष्ट आपल्याकडे बहुसंख्यांना नवी होती.

पाश्चात्त्य देशांत या विषयाने तोवर सार्वजनिक धोरणाच्या चर्चेत जागा मिळवली होती. ब्रिटनमधील सरकारी आरोग्य सेवेने मे २०२५ मध्ये प्रथमच प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २५ लाख लोकांना ही अवस्था असू शकते आणि मार्च २०२५ अखेर तपासणीच्या प्रतीक्षायादीत तब्बल ५ लाख ४९ हजार जण असू शकतात. त्याआधी, जानेवारी २०२५ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री'मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निदान झालेल्या तीस हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. या प्रौढांचे अपेक्षित आयुर्मान इतरांच्या तुलनेत पुरुषांमध्ये सुमारे पावणेसात वर्षांनी, तर स्त्रियांमध्ये साडेआठ वर्षांहूनही अधिक घटल्याचे त्यांना आढळले. हा थेट त्या अवस्थेचा परिणाम नाही. सोबतीने येणारे आजार, व्यसने आणि वेळेवर न मिळणारे उपचार यांची ती गोळाबेरीज असावी, असे संशोधकांचे मत. तरीही 'जरा विसरभोळी आहे' असे म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी ही बाब नाही, एवढे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

या गंभीर आकडेवारीच्या शेजारीच एक वेगळा सूर ऐकू येतो. 'एडीएचडी' ही उणीव नसून महाशक्ती आहे आणि उद्योजकांना ती विशेष लाभते, असा हा सूर. त्याच्या पुष्ट्यर्थ नेहमी दिली जाणारी नावे ठरलेली आहेत. 'आयकिया'चे इंग्वार काम्प्राद, 'जेटब्लू' ही विमान कंपनी काढणारे डेव्हिड नीलमन, छायाप्रतींच्या दुकानांची 'किंकोज' ही साखळी उभारणारे पॉल ऑर्फालिया. यादी प्रभावी आहे, यात शंका नाही. मात्र तिच्यात स्त्रिया जवळजवळ नाहीत, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. या अनुपस्थितीतच विषयाचे मर्म दडलेले आहे.

निदानाचा पुरुषी साचा

या अवस्थेचे वैद्यकीय वर्णन प्रथम ठळकपणे मांडले ते १९०२ मध्ये लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी. त्यांनी वर्णिलेल्या मुलांमध्ये मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा कितीतरी अधिक होती. १९४४ मध्ये 'सिबा' या स्विस कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने मिथाइलफेनिडेट हे औषध तयार केले आणि पत्नीच्या 'रिटा' या लाडक्या नावावरून त्याचे 'रिटालिन' असे नामकरण झाले. औषधाला नाव स्त्रीचे मिळाले, पण पुढील कित्येक दशके ते प्रामुख्याने मुलग्यांनाच दिले गेले, हा इतिहासाचा उपरोधच म्हणायचा.

यामागील कारण साधे आहे. शिक्षकांच्या आणि पालकांच्या नजरेत भरतो तो त्रास देणारा मुलगा. बाकावर शांत बसून खिडकीबाहेर पाहणारी, वही घरी विसरणारी, पण कोणालाही उपद्रव न देणारी मुलगी तपासणीपर्यंत पोहोचतच नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-नियमावलीने १९८० मध्ये चंचलतेविना असणारी अवधानन्यूनता मान्य केली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने आणखी दोन महत्त्वाचे बदल केले. लक्षणे वयाच्या सातव्या वर्षापूर्वी दिसायला हवीत, ही अट शिथिल करून ती मर्यादा बारा वर्षांवर नेली आणि प्रौढांसाठी आवश्यक लक्षणांची संख्या सहावरून पाचवर आणली. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत मुली व स्त्रियांमध्ये ही अवस्था पुरेशी ओळखली जात नसल्याचे स्पष्टपणे नमूद केले.

परिणामी आज चाळिशीत असलेल्या स्त्रियांची एक अख्खी पिढी निदानाविना मोठी झाली. त्यांच्या वाट्याला विशेषणे तेवढी आली. वेंधळी, आरंभशूर, धांदरट, आळशी. यातील कित्येकींना पुढे चिंतारोग किंवा नैराश्य यांचे उपचार मिळाले, पण मुळाशी काय आहे हे तपासले गेले नाही. बर्कली येथील मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिनशॉ यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात 'एडीएचडी' असलेल्या १४० मुलींचा मागोवा घेतला गेला. तरुणपणी त्यांच्यात स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण इतर मुलींपेक्षा लक्षणीय अधिक असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. शांतपणे बसलेल्या मुलीच्या मनात सारे काही आलबेल असतेच असे नाही, याचा हा पुरावा.

आनुवंशिकतेचा वाटा या अवस्थेत मोठा आहे. तो सुमारे ७४ टक्के असल्याचे जुळ्यांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. त्यामुळे आपल्या मुलाची तपासणी सुरू असताना प्रश्नावलीतील एकेक ओळ आईला स्वतःविषयीच लिहिल्यासारखी वाटू लागते. कितीतरी स्त्रियांच्या निदानाचा प्रवास तिथून सुरू होतो.

महाशक्तीचे संशोधन काय सांगते?

व्यवसाय आणि 'एडीएचडी' यांचा संबंध निव्वळ दंतकथा नाही. अमेरिकेत मायकेल फ्रीमन यांच्या गटाने २४२ उद्योजकांची पाहणी केली, तेव्हा २९ टक्क्यांनी आपल्याला ही अवस्था असल्याचे सांगितले. तुलनेसाठी घेतलेल्या गटात हे प्रमाण ५ टक्के होते. अर्थात नमुना लहान आणि माहिती ज्याने त्याने स्वतः दिलेली, या मर्यादा त्या पाहणीला होत्याच. सिराक्यूज विद्यापीठाचे योहान विक्लुंड व त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये अशा १४ उद्योजकांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनिश्चिततेत झटकन उडी घेण्याची वृत्ती आणि आवडत्या विषयात तहानभूक विसरून बुडून जाण्याची क्षमता व्यवसायाच्या आरंभी उपयोगी पडते, असे त्यातून दिसले. नेहमीची, कंटाळवाणी कामे मात्र या मंडळींना जड जात होती.

सर्वांत बोलका निष्कर्ष त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासाचा आहे. इंग्रिड वेरहेल व सहकाऱ्यांनी स्वीडनमधील सात हजारांहून अधिक जुळ्यांची माहिती तपासली. 'एडीएचडी'ची लक्षणे आणि स्वयंरोजगार यांचा संबंध त्यांना आढळला, पण तो अतिचंचलतेच्या लक्षणांमुळे. अवधानन्यूनतेच्या लक्षणांचा स्वयंरोजगाराशी असा संबंध दिसला नाही.

येथे दोन धागे एकमेकांना मिळतात. व्यवसायात उडी घ्यायला लावणारी अतिचंचलता ही पुरुषांत अधिक दिसणारी बाजू. स्त्रियांमध्ये प्राबल्य असते ते अवधानन्यूनतेचे आणि तिचा उद्योजकतेशी जोडलेला गौरव पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही. महाशक्तीची कथा खोटी नाही, पण ती प्रामुख्याने एका विशिष्ट प्रकारच्या पुरुषाची कथा आहे. ती जशीच्या तशी स्त्रियांना लागू केली की ज्या बाईला हिशेब जमत नाही, तिला आणखी एका अपयशाचे धनी व्हावे लागते. महाशक्ती असूनही तुला कसे जमले नाही, हा प्रश्न तिने स्वतःलाच विचारावा अशी व्यवस्था होते.

मग इतक्या स्त्रिया स्वतःच्या व्यवसायाकडे वळतात तरी का? बऱ्याचदा ओढीपेक्षा ढकलण्याचा भाग मोठा असतो. नऊ ते सहाची चाकोरी, उघड्या कार्यालयातील गोंगाट, लांबलचक बैठका आणि वरिष्ठांचे बोल यांत ज्यांचा जीव गुदमरतो, त्यांना स्वतःच्या वेळापत्रकाने काम करण्याची मुभा हवी असते. घरातील जबाबदाऱ्यांमुळे पूर्णवेळ नोकरी अशक्य झालेल्यांची संख्याही मोठी. चाकोरीतून सुटका मिळते खरी, पण चाकोरीसोबत तिचा आधारही जातो. नोकरीत कोणीतरी मुदत ठरवून देत असते, कोणीतरी पगाराचा हिशेब ठेवत असते. स्वतःच्या व्यवसायात हे सारे स्वतःलाच करावे लागते आणि नेमके हेच या अवस्थेत सर्वांत अवघड असते.

व्यवसाय कुठे अडतो?

'एडीएचडी' म्हणजे लक्ष नसणे, ही समजूत अपुरी आहे. लक्ष हवे तिथे आणि हवे तेव्हा वळवता न येणे, कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज न येणे, समोर नसलेली गोष्ट स्मरणातून निसटणे आणि दूरच्या फायद्यासाठी आज हालचाल न होणे, असे तिचे स्वरूप आहे. काय करायचे हे ठाऊक असते, ठाऊक असलेले हातून घडत नाही, हा खरा पेच.

शहरातील घरगुती व्यवसायात हा पेच कसा दिसतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल. रात्री अकरा वाजता व्हॉट्सअॅपवर आलेली ऑर्डर वाचली जाते, न वाचल्याची खूण पुसली जाते आणि सकाळपर्यंत ती ऑर्डर विस्मृतीत गेलेली असते. ब्लाउजवरच्या आरीकामाला दोन दिवस पुरतील असे सांगितले जाते, लागतात पाच. भाव मात्र दोन दिवसांचाच लावलेला असतो. दिवाळीच्या फराळाचे काम जोरात चालू असतानाच सुगंधी मेणबत्त्यांची कल्पना सुचते, साचे आणि मेण येऊन पडते आणि फराळाच्या निम्म्या ग्राहकांची बिले मार्गशीर्ष उजाडला तरी पाठवलेली नसतात. नाराज ग्राहकाचा एक संदेश आला की दिवसभर काम सुचत नाही. म्हणून फोन उचललाच जात नाही आणि नाराजी वाढत जाते.

यातील कोणतीही चूक एकेकटी पाहिली तर कोणाच्याही हातून घडेल अशीच आहे. फरक आहे तो वारंवारतेचा आणि तिच्या किमतीचा. ही किंमत रोख मोजावी लागते. सेवा पुरवणाऱ्या व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी बंधनकारक होते. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्याला महिन्याच्या ११ आणि २० तारखा चुकवून चालत नाहीत. विवरणपत्र चुकले तर दिवसाला ५० रुपये आणि काहीही व्यवहार नसले तरी २० रुपये विलंब शुल्क चढत जाते. वर व्याज वेगळे. ब्रिटनमध्ये प्राप्तिकराचे विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत न भरल्यास १०० पौंडांचा दंड आपोआप लागतो आणि तीन महिन्यांनंतर दिवसाला १० पौंडांची, कमाल ९०० पौंडांपर्यंतची भर पडते. परदेशात अशा खर्चाला 'एडीएचडी कर' असे उपरोधिक नाव पडले आहे. तो कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो, पण नफा खाऊन जातो.

कायद्याचे संरक्षणही अशा वेळी निरुपयोगी ठरते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. बिलच न पाठवणाऱ्या व्यावसायिक स्त्रीला मात्र त्या कायद्याचा आधार कसा मिळणार?

घरचे घड्याळ आणि शरीराचे घड्याळ

पुरुष उद्योजकाच्या विसराळूपणाची भरपाई बहुधा कोणीतरी करत असते. पत्नी, आई, सचिव, हिशेबनीस. त्याच्या वाट्याला कल्पना येतात आणि बारीकसारीक गोष्टी दुसरे कोणी सांभाळते. स्त्रीच्या बाबतीत बारीकसारीक गोष्टी सांभाळणारी व्यक्ती तीच असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकामात गुंतलेल्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. मुलांच्या शाळेच्या तारखा, सासूबाईंची औषधे, गॅसचा नंबर, मोलकरणीच्या सुट्ट्या हे सगळे लक्षात ठेवणे म्हणजे नियोजनाचेच काम. ज्या क्षमतेचा साठा मुळातच कमी, तिचाच सर्वाधिक उपसा घरी होतो आणि उरलेल्या गाळावर व्यवसाय चालवावा लागतो.

व्यवसायाच्या बाजूनेही आधार तोकडाच. सहाव्या आर्थिक गणनेत देशातील सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापनांपैकी ८० लाखांच्या आसपास, म्हणजे १३.७६ टक्के आस्थापना स्त्रियांच्या मालकीच्या आढळल्या होत्या. त्यांतील पाचात चारांहून अधिक आस्थापनांत पगारी माणूस नव्हता. खरेदी, उत्पादन, विक्री, वसुली आणि विवरणपत्र या साऱ्यांची जबाबदारी एकाच डोक्यावर. त्या डोक्यात अवधानाची अडचण असेल, तर सर्वांत आधी कोलमडते ती वसुली.

शरीराचे घड्याळही दुर्लक्षून चालणार नाही. मेंदूतील डोपामीनच्या कार्याशी इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संबंध आहे. मासिक पाळीपूर्वीचे दिवस, बाळंतपणानंतरचा काळ आणि रजोनिवृत्तीच्या आसपासची वर्षे यांत लक्षणे तीव्र झाल्याचे अनेक स्त्रिया सांगतात. या विषयावरील संशोधन अजून बाल्यावस्थेत आहे. चाळिशीनंतर व्यवसाय स्थिरावण्याच्या टप्प्यावर असताना अचानक सारे हाताबाहेर जाऊ लागले, तर त्याचे एक कारण येथे असू शकते, हे स्त्रीरोगतज्ज्ञांनीही ध्यानात घ्यायला हवे.

ब्रिटनचा धडा

या प्रश्नावर ब्रिटनने एक व्यवहार्य मार्ग शोधला होता. अपंगत्व किंवा दीर्घ आजार असलेल्यांना कामात टिकून राहण्यासाठी मदत देणारी 'अॅक्सेस टू वर्क' ही योजना तिथे १९९४ पासून आहे. तिचे वैशिष्ट्य असे की ती नोकरदारांबरोबरच स्वयंरोजगार करणाऱ्यांनाही लागू होते. आठवड्यातून काही तास येऊन बिले, पत्रव्यवहार आणि वेळापत्रक लावून देणारा मदतनीस, कामाचे नियोजन शिकवणारा मार्गदर्शक, उपयुक्त संगणक प्रणाली यांचा खर्च सरकार उचलते. 'एडीएचडी' असलेल्या स्त्रीला नेमके हेच हवे असते. तिला भांडवलाइतकीच, कित्येकदा त्याहून अधिक, गरज असते ती शुक्रवारी दुपारी शेजारी बसून 'चला, बिले काढू' म्हणणाऱ्या माणसाची.

पण मागणी वाढली आणि यंत्रणा तोकडी पडली. २०२५ च्या आरंभी निर्णयाच्या प्रतीक्षेत सुमारे ६२ हजार अर्ज होते आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने योजनेच्या फेररचनेसाठी सूचना मागवल्या. शिवाय आधी खर्च करा, मग पावत्या जोडून दावा करा, अशी तिची पद्धत. कागदपत्रे सांभाळता येत नाहीत म्हणून मदत मागायची आणि ती मिळवण्यासाठी आणखी कागदपत्रे सांभाळायची, असा हा उफराटा न्याय. योजना चांगली असून चालत नाही, तिचे दारही वाकून आत शिरता येईल एवढे तरी उंच असावे लागते, हा ब्रिटनचा धडा.

आपल्याकडील चित्र

आपल्याकडे दारच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, 'एडीएचडी' स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षमतेविषयी महाराष्ट्रात तुलनेने लवकर जाग आली. दहावीच्या परीक्षेतील सवलतींमुळे ती मध्यमवर्गाच्या परिचयाची झाली आणि २००७ च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने ती घरोघरी पोहोचवली. पण तो चित्रपट वाचनअक्षमतेविषयी होता आणि त्यातील मूलही मुलगाच होता. शाळा संपली की अडचणही संपते, असा एक समज त्यातून नकळत दृढ झाला.

उपचारांची साधने येथे अगदीच नाहीत असे नाही. मिथाइलफेनिडेट आणि अॅटोमॉक्सेटीन ही औषधे भारतात मिळतात. पहिल्यावर अमली व मनोप्रभावी पदार्थविषयक कायद्याचे नियंत्रण असल्याने ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक औषधविक्रेत्याकडे असतेही असे नाही. वर्तनोपचारांचाही उपयोग होतो. खरी टंचाई आहे ती प्रौढांमधील, विशेषतः स्त्रियांमधील लक्षणे ओळखू शकणाऱ्या तज्ज्ञांची. मुंबई-पुण्यात तसे तज्ज्ञ सापडतात. जिल्ह्याच्या ठिकाणी शोध घ्यावा लागतो.

तरीही आधाराची एक परंपरा महाराष्ट्राकडे आहे आणि ती या प्रश्नाच्या उत्तराच्या बरीच जवळ जाते. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या 'लिज्जत'चे कामकाज पाहावे. रोज ठरलेल्या वेळी पीठ घ्यायचे, पापड लाटून द्यायचे, मजुरी हातात घ्यायची. खरेदी, हिशेब, विक्री यांची यंत्रणा वेगळी. काम लहान तुकड्यांत विभागलेले, मोबदला तत्काळ आणि कागदपत्रांची जबाबदारी दुसऱ्याकडे. बचत गटांची बैठकही ठरलेल्या दिवशी होते, रजिस्टर सर्वांसमोर लिहिले जाते आणि न आलेल्या बाईची चौकशी होते. या रचना 'एडीएचडी' डोळ्यांसमोर ठेवून झालेल्या नाहीत. परंतु बाहेरून मिळणारी शिस्त, सोबत आणि लगेच मिळणारे फळ, या अवस्थेत ज्या गोष्टींनी काम पुढे सरकते, त्या सगळ्या त्यांत आहेत. शहरी, सुशिक्षित, एकट्याने व्यवसाय करणारी स्त्री मात्र नेमकी या रचनांच्या बाहेर पडली आहे. तिच्याकडे लॅपटॉप आहे, गट नाही.

त्यामुळे उपाय फार दूर शोधायला नकोत. पाच-सहा व्यावसायिक स्त्रियांनी महिन्याचे दोन दिवस ठरवून एकत्र बसून बिले व विवरणपत्रे पुरी करणे, सामायिक हिशेबनीस नेमणे, निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय काम न स्वीकारणे, कराची रक्कम वेगळ्या खात्यात टाकणे आणि भावपत्रक छापून ठेवणे, म्हणजे दर वेळी तोंडी सवलत देण्याचा मोह टळतो. सोबतीला कोणी बसले की काम होते, या उपायाला अनुभवाचे पाठबळ मोठे आणि शास्त्रीय पुरावा अद्याप तुटपुंजा असला, तरी त्यात तोटा काहीच नाही. सरकारच्या बाजूनेही करण्यासारखे बरेच आहे. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही विवरणपत्राची मुभा आहे, तिची माहिती अशा व्यावसायिकांपर्यंत पोहोचवता येईल. 'उद्यम' नोंदणी असलेल्या एकल व्यावसायिक स्त्रियांसाठी जिल्हा उद्योग केंद्रांमार्फत किंवा महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत अल्प शुल्कात हिशेबसेवा देता येईल. तिचा लाभ निदान झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघींनाही होईल, ही तिची जमेची बाजू.

आक्षेप आणि उत्तर

आता एका रास्त आक्षेपाचा विचार करायला हवा. हल्ली प्रत्येकालाच 'एडीएचडी' असल्यासारखे वाटते, मोबाइलने सर्वांचेच लक्ष विचलित झाले आहे, मग याचे एवढे कौतुक कशाला, असे म्हणणारे कमी नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे. कॅनडातील संशोधकांनी २०२२ मध्ये 'टिकटॉक'वरील या विषयाच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० चित्रफिती तपासल्या, तेव्हा त्यांतील ५२ दिशाभूल करणाऱ्या आढळल्या. अमेरिकेत खासगी विमा असलेल्या १५ ते ४४ वयोगटातील स्त्रियांमध्ये या औषधांच्या चिठ्ठ्यांचे प्रमाण २००३ मधील ०.९ टक्क्यावरून २०१५ मध्ये ४ टक्क्यांवर गेले होते. ही वाढ आधी वगळल्या गेलेल्यांना न्याय मिळाल्याची म्हणायची की औषधकंपन्यांच्या यशाची, यावर तज्ज्ञांत दुमत आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्याचीही शक्यता आहे.

म्हणूनच काटेकोर निदानाचा आग्रह महत्त्वाचा. लक्षणे बालपणापासून आहेत का, घर आणि काम अशा एकाहून अधिक ठिकाणी ती दिसतात का, त्यांनी आयुष्याचे खरोखर नुकसान होते आहे का, आणि थायरॉइड, झोपेचा अभाव, नैराश्य अशी दुसरी कारणे तर नाहीत ना, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. चित्रफीत पाहून केलेले स्वनिदान जितके घातक, तितकेच 'असे सगळ्यांचेच होते' म्हणून केलेले दुर्लक्षही. पहिल्यात एखादीला नको ते औषध मिळण्याचा धोका आहे. दुसऱ्यात चाळीस वर्षे स्वतःला नाकर्ती समजत जगण्याचा.

आलिया भटच्या उदाहरणाकडे या दृष्टीने पुन्हा पाहायला हवे. तिच्या कंपनीत २०२३ मध्ये 'रिलायन्स रिटेल व्हेंचर्स'ने ५१ टक्के हिस्सा घेतला. कंपनीच्या पाठीशी एका बलाढ्य उद्योगसमूहाची यंत्रणा उभी राहिली. कर्तृत्व तिचेच आहे, त्यात वाद नाही. पण त्या यशावरून 'एडीएचडी असूनही जमते' असा धडा घरगुती व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला देणे अन्यायाचे होईल. पाठीशी भक्कम व्यवस्था असली की बहुतेक गोष्टी जमतात. प्रश्न आहे तो ज्यांच्या पाठीशी कोणीच नाही त्यांचा.

स्त्रीच्या नावावर उद्योग सुरू व्हावा यासाठी आपल्याकडे कर्जे आहेत, अनुदाने आहेत, पुरस्कारही आहेत. तो उद्योग तिसऱ्या वर्षी का बंद पडला, याची चौकशी करणारे मात्र विरळा. उत्तर कधी बाजारपेठेत असते, कधी भांडवलात आणि कधी न पाठवलेल्या बिलांच्या गठ्ठ्यात. हे तिसरे उत्तर आजवर स्वभावदोषाच्या खाती टाकले गेले. ते तिथून काढून आरोग्याच्या आणि उद्योगधोरणाच्या खाती योग्य जागी नोंदवले, तर वाचणारे व्यवसाय थोडेथोडके नसतील. अशा स्त्रियांना महाशक्तीचे प्रशस्तिपत्र देण्याची आवश्यकता नाही. त्यांनी केलेल्या कामाचे पैसे त्यांच्या हातात पडले, तरी पुरेसे आहे.